रेघेची शेपटी

सरांच्या घरात दार आपटायला बंदी होती. दारच कशाला, खलबत्ता कुटायला बंदी, पाट सरकवायला बंदी, कुकरची शिटी तर नावालाही नको. काकू बिचाऱ्या वरणसुद्धा पातेल्यात शिजवायच्या. धारला तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं भाड्याचं घर होतं. मी बीएस्सीला असताना पहिल्यांदा त्या घरी गेले आणि सवयीप्रमाणे चपला उंबऱ्याबाहेर भिरकावल्या. आतून आवाज आला, "कोण रे तो बैल?"

सर बाहेर आले, बघतात तर मुलगी. दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. सर म्हणाले, "बैलच. ये आत, पाय न वाजवता ये."

अशी आमची ओळख. पुढे मी त्यांच्याच हाताखाली एमेस्सी केलं, देवासच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, माझे केस पिकले, तरी त्यांच्या दारात चपला मी उचलून ठेवायची. इतकी दहशत.

ते सगळ्यांना 'भिया', म्हणजे भाऊ, म्हणायचे. मालव्यात पोरं एकमेकांना म्हणतात ते ठीक आहे हो, पण सर मुलींनाही भिया म्हणायचे, प्रिन्सिपलबाईंनाही म्हणायचे, आणि एकदा तर तपासणीला आलेल्या कलेक्टरसाहेबांना म्हणाले, "भिया, जरा टेबलाला टेकू नका." घराणं मात्र अगदी खानदानी, धारच्या पवार राजांबरोबर दक्षिणेतून आलेलं, दरबारात कारकुनी केलेलं. त्या घराण्याची माणसं सणाला एकत्र जमली की जुन्या वळणाचं मराठी बोलायची आणि सर मध्येच "क्यों भिया, श्रीखंड खतम?" म्हणून विचारायचे. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. आवाज न करता हसण्याची कला त्यांना त्या घरानं शिकवली होती.

आता ही शांतता कशासाठी, ते सांगते. सर स्फटिक वाढवायचे. कॉलेजची लॅब रस्त्यावर, ट्रक गेला की काचसामान थरथरायचं, म्हणून हा उद्योग घरात. मागच्या खोलीत वाळूच्या पेट्या, वाळूत रुतवलेल्या काचेच्या बरण्या, बरण्यांच्या तोंडाला मलमल. आत तांब्याच्या एका क्षाराचं निळं पाणी. ते पाणी आपोआप, हळूहळू उडून जायचं आणि तळाशी निळा खडा धरायचा. महिनेच्या महिने लागायचे. मध्ये कोणी धक्का दिला की खड्याला तडा, सगळं मुसळ केरात. पोरं त्यांना 'नीलाथोथा सर' म्हणायची. हे त्यांना कळलं तेव्हा ते वर्गात भडकले. "नीलाथोथा म्हणजे मोरचूद. तो शेतकऱ्याच्या फवारणीच्या पंपात असतो. माझा क्षार वेगळा आहे. निळं दिसलं म्हणून सगळं एकच का रे?" त्यानंतर तर ते नाव पक्कंच झालं.

"घाई केली की तडा जातो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते स्फटिकाला लावायचे, पोळीला लावायचे, लग्नाला आणि सरकारलाही लावायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा आशीर्वाद म्हणून हेच म्हणाले. माझी सासू आजतागायत ते विसरलेली नाही.

त्या क्षाराची खासियत अशी की आतले तांब्याचे अणू रांगेत बसतात, माळेतल्या मण्यांसारखे. प्रत्येक अणू एक चिमुकलं लोहचुंबक. आणि शेजारी ज्या दिशेला तोंड करील त्याच्या बरोबर उलट दिशेला आपण करायचं, हा त्यांचा स्वभाव. सर म्हणायचे, "आपल्या इथल्या मराठी मंडळासारखं." असा खडा गार करत नेला की त्याचं चुंबकत्व आधी वाढतं आणि मग उतरायला लागतं, कारण सगळे एकमेकांना उलटे तोंड करून हिशेब मिटवतात. ही रेघ कागदावर काढली तर टेकडीसारखी दिसते. सरांच्या रेघेला मात्र टेकडी उतरल्यावर अगदी शेवटी, अगदी कडाक्याच्या गारठ्यात, एक शेपटी होती. वर वळलेली.

त्या शेपटीनं माणसाचं आयुष्य खाल्लं.

इतकं गार करणारं यंत्र आपल्याकडे कुठलं असायला! ते एका मोठ्या शहरात, मोठ्या संस्थेत. सर आपला सगळ्यांत चांगला खडा कापसात गुंडाळून, पोळीच्या डब्यात ठेवून, डबा मांडीवर घेऊन बसनं आणि मग रेल्वेनं गेले. मोजमाप झालं. मग तिथल्या साहेबांसमोर आणि दहा-पाच विद्वानांसमोर त्यांनी ती रेघ दाखवली आणि सांगितलं की ही शेपटी या साखळीची स्वतःची आहे, हे काहीतरी नवीन आहे. साहेब हसले. म्हणाले, "शेपटी नवीन नाही. घाणेरड्या खड्याला येतेच. आपके धार का पानी खराब होगा." सगळे हसले. मी तेव्हा त्यांच्याबरोबर गेले होते, मागच्या बाकावर होते. सरांचा चेहरा मला अजून दिसतो.

साहेब तसे वाईट नव्हते हो. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, शेपटी वजा करा, उरलेली रेघ उत्तम आहे, तिच्यावर प्रबंध लिहा, डॉक्टरेट देऊन टाकतो. सगळे तसंच करतात. सर म्हणाले, "स्फटिक स्वच्छ आहे." बस. एवढंच. डबा उचलला आणि परत आले.

प्रबंध दिला नाही. डॉक्टरेट नाही, म्हणून बढती नाही. त्यांच्या मागून आलेली पोरं प्रोफेसर झाली, विभागप्रमुख झाली, सर लेक्चररचे लेक्चरर. त्या सभेनंतर बाहेरच्या कोणत्याही विद्वानाशी ते बोलले नाहीत. कोणाच्या लग्नाला नाहीत, कोणाच्या निरोपाला नाहीत. लॅबमध्ये एक अमझेरा गावचा शिपाई होता, सरांच्या घरच्या बरण्यांसकट सगळं काचसामान धुवायचा. त्याच्यावर सरांचा संशय, की सरांनी दिलेलं वाफेचं शुद्ध पाणी सोडून यानंच नळाच्या पाण्यानं धुतलं असेल. तो हात जोडून म्हणायचा, "साब, कसम से, आपके ही पानी से धोया था." पण सरांनी त्याला लॅबमधून काढून लायब्ररीत पाठवलं. कसं असतं बघा, जगाला सांगायचं स्फटिक स्वच्छ आहे, आणि मनात मात्र रोज शोधायचं की कोणी घाण केली.

घरात मूलबाळ नव्हतं. काकू आणि त्या बरण्या. काकूंचं माहेर देवासचं, तिथल्या धाकट्या पातीच्या राजांच्या चाकरीतलं. म्हणून निवृत्तीनंतर दोघं देवासला आली, माझ्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर. सामान टेंपोत आणि सर मागे, बरण्यांच्या पेटीला मिठी मारून. पेटी उतरवताना हमालाला म्हणाले, "भिया, यात माझं पोर आहे." काकू ऐकत होत्या. त्यांनी तोंड फिरवलं आणि तुळशीची कुंडी उचलून आत नेली.

मला राग यायचा, खरं सांगते. एवढ्या हुशार माणसानं एका शेपटीपायी बायकोला आवाज न करता जगायला लावायचं? मी एकदा काकूंना म्हणालेही, तुम्ही ऐकून काय घेता? काकू म्हणाल्या, "अगं, ह्यांचं काही चुकत नाही. ह्यांना यश येणारच. मला ठाऊक आहे ना." असं ठाम म्हणाल्या की मी विषय सोडला.

माझी भाची दक्षिणेत एका संस्थेत संशोधन करते. शिक्षण सगळं हिंदीत, त्यामुळे मराठी वाचायचं म्हटलं की अडखळते, पण डोकं तल्लख. मागे एकदा दिवाळीला आली होती आणि सर फराळाला आले होते. मी म्हटलं, सरांना सांग तू काय करतेस ते. ती सांगायला लागली, "सर, आम्ही क्वांटम सिम्युलेटर चालवतो. म्हणजे असं समजा, लेसरच्या चिमट्यात एक-एक अणू पकडतो आणि पाहिजे तसे मांडतो. प्रत्येक अणू छोट्या मॅग्नेटसारखा वागतो. मग जो खरा मॅग्नेटवाला पदार्थ आहे ना, त्याची हुबेहूब नक्कल बनवतो. कॉम्प्युटरला जे गणित जमत नाही, ते हे अणू स्वतःच करून दाखवतात. फक्त नक्कल बरोबर आहे की नाही ते बघायला खऱ्या पदार्थाचं मोजमाप लागतं."

सरांच्या हातातली चकली तशीच राहिली. "साखळी मांडता येते?"

"हो ना. तेच तर सगळ्यांत सोपं."

"त्यात पाणी असतं का?"

"पाणी? नाही सर. पाणी नाही, काही नाही. व्हॅक्यूम आहे. फक्त अणू."

"भांडं?"

"भांडंपण नाही. अणू कशाला टेकतच नाहीत."

सर उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं धाडकन उठताना पाहिलं नव्हतं, खुर्ची मागे पडली, मोठा आवाज झाला आणि त्यांचं लक्षही गेलं नाही. म्हणाले, "म्हणजे घाण असूच शकत नाही. तिथे शेपटी आली तर ती साखळीचीच. माझा स्फटिक स्वच्छ होता हे ठरेल. आणि नाही आली तर..." भाची बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी तिला त्या रात्री सगळं सांगितलं. सरांच्या जुन्या मोजमापाचे आकडे ती घेऊन गेली.

नंतरचे काही महिने सर दर दोन दिवसांनी दारात. "भिया, काही कळलं?" मी म्हणायची, सर, घाई केली की तडा जातो. हसायचे, पण डोळे हसायचे नाहीत.

आणि एक दिवस भाचीचा फोन आला. "मावशी, टेल आली! सरांची टेल आली!"

मी अक्षरशः धावत गेले. सरांना सांगितलं. ते लहान मुलासारखे रडले. काकू देवापुढे साखर ठेवायला पळाल्या. मग सर उठले, स्वतः बाजारात जाऊन मावाबाटी घेऊन आले, गल्लीत सगळ्यांना वाटली आणि काकूंना म्हणाले, "कर गं, कुकर लाव. शिटी होऊ दे." पलीकडच्या गल्लीतून मिक्सर आणला, त्यात नुसतं पाणी घालून फिरवला. त्या दिवशी काकू आवाज काढून हसल्या. मी पहिल्यांदा ऐकलं त्यांचं हसणं.

दोन-तीन दिवसांनी मी कॉलेजातून आले तर सर माझ्या ओट्यावर बसलेले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "तिनं अणू कसे मांडले होते गं?"

"रांगेत. सरळ रांगेत. फोटो पाठवलाय की."

"रांगेला दोन टोकं असतात."

कळलं मला ते काय म्हणताहेत, एमेस्सी उगाच नाही केलं. मधल्या प्रत्येक अणूला दोन्हीकडे शेजारी. टोकाच्या अणूला एकच. त्याचा हिशेब पुरता मिटत नाही, तो अर्धवट मोकळा राहतो, आणि मोकळा चुंबक अति गारठ्यात रेघ वर ओढतो. पाच-पंचवीस अणूंच्या रांगेत टोकं म्हणजे काही थोडकी गोष्ट नाही. खऱ्या स्फटिकात साखळी इतकी लांब की टोकांना कोण विचारतो.

"ही शेपटी टोकांची आहे," सर म्हणाले. "माझी नाही. तिला सांग, गोल मांड. कडं कर. कड्याला टोक नसतं."

मी चिडले. ओरडलेच. "सर, राहू द्या ना! ती मोठमोठी माणसं, त्यांना नाही खटकलं. तुम्हालाच काय पडलंय? काकू काल मला म्हणाल्या, इतक्या वर्षांनी ह्यांना झोप लागली. आता पुन्हा उकरून काढायचं?"

"मी शेपटी वजा केली नव्हती," सर म्हणाले. "मग टोकं कशी लपवू?"

यावर काय बोलणार, कपाळ! फोन लावला. भाची म्हणाली, "मावशी, सर बरोबर बोलताहेत. आम्ही पण रिंग करणारच होतो." रिंग केली. अणू गोल मांडले. टेकडी जशीच्या तशी आली, सरांच्या रेघेवर तंतोतंत बसली. शेपटी नव्हती.

मी सांगायला गेले तेव्हा सर मागच्या खोलीत बरण्यांसमोर बसले होते. ऐकून "हं" म्हणाले. मग म्हणाले, "तो साहेब बरोबर होता." तो साहेब कधीच वारला होता, माफी मागायलाही माणूस उरला नव्हता.

दुसरा कोणी असता तर अंथरूण धरलं असतं. सरांनी भिंग धरलं. त्यांचं म्हणणं असं, की शेपटी टोकांची असते हे कड्यानं शिकवलं. म्हणजे माझ्या स्फटिकातही साखळी जागोजाग तुटलेली होती, तिला टोकं होती. साखळी तुटते कधी? तांब्याच्या जागी दुसरं काही येऊन बसलं, जे चुंबक नाही, पण आकारानं तांब्यासारखं. "जस्त!" सर म्हणाले. "मी सगळी तपासणी लोखंडासाठी केली. जो चुंबक नाही त्याच्याकडे पाहिलंच नाही." जुन्या खड्याचा एक तुकडा त्यांनी जपला होता, तो भाचीच्या ओळखीनं तपासला. जस्त निघालं.

मग रोजचं सुरू. जस्त आलं कुठून? धारच्या घरावरचा पत्रा? नळाची तोटी? कॉलेजची बादली? काकू पोळ्या लाटत असायच्या आणि सर स्वयंपाकघरात उभे राहून मोठमोठ्यानं एक-एक गोष्ट खोडत असायचे. त्या मान वर करायच्या नाहीत. मला वाटायचं कंटाळल्या असतील. एका दुपारी मी गेले तर सर बूट घालत होते. म्हणाले, "चल भिया, गाडी काढ. अमझेऱ्याला जायचंय. तो शिपाई जस्ताच्या बादलीत काच धुवायचा, मला आठवलं. त्याच्या तोंडून कबूल करून घेतो."

काकू आतून आल्या. हाताला कणीक तशीच.

"त्या गरिबाकडे जाऊ नका," म्हणाल्या. "तुमच्या पाण्यात मी तीर्थ घालत होते."

सर एका पायात बूट घातलेले, तसेच बसले.

काकूंनी सांगितलं ते असं. सुरुवातीला एकही खडा टिकेना, सगळ्यांना तडे. सर जेवेनात. तेव्हा काकू धरमपुरीला नर्मदेवर गेल्या आणि नवस बोलल्या, की ह्यांच्या हाताला यश येऊ दे, मी ह्यांच्या पाण्यात रोजचं तीर्थ घालीन आणि कोणाला सांगणार नाही. घरातले देव पितळेचे. काकू ते चिंच लावून लखलखीत घासायच्या, पितळी वाटीत आंघोळ घालायच्या, आणि त्यातलं पळीभर पाणी, सर अंघोळीला गेले की, त्यांच्या वाफेच्या शुद्ध पाण्याच्या मोठ्या बरणीत ओतायच्या. नेमका त्यानंतरचा खडा न तडकता आला. मग काय, नवस पावला! कधी खंड पडला नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंचेच्या आंबटानं ते जस्त पाण्यात उतरायचं. सरांच्या डोळ्यांत ते तिथल्या तिथे जुळलं, मला दिसलं.

"मला काय ठाऊक हो," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, तीर्थानं का कुठे काही बिघडतं?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळ्यांना विचारलंत. शिपायाला विचारलंत, नळवाल्याला विचारलंत. मला कधी विचारलंत?"

पायातला बूट काढून सरांनी हळूच, आवाज न करता, भिंतीशी ठेवला.

त्यांनी काकूंना एका शब्दानं दुखवलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. उलट दुसऱ्या दिवशी मलाच म्हणाले, हिच्यामुळे कोडं सुटलं. अमझेऱ्याला आम्ही गेलो, पण आता माफी मागायला. शिपाई म्हातारा झालेला, खाटेवर. सरांनी त्याचे हात धरले. तो म्हणाला, "साब, लायब्ररी में बड़ा आराम था." आणि तोंड भिंतीकडे केलं.

भाचीनं पुढे कड्यातला एक अणू मुद्दाम विझवला, म्हणजे त्याची जागा जस्तासारखी मुकी केली. शेपटी परत आली, सरांच्या जुन्या रेघेवर नेमकी बसली. तिकडे सगळे खूष. इतकं नेटकं मोजमाप, तेही त्या काळात, म्हणून सरांचं नाव शोधनिबंधात घालायचं ठरलं. सरांनी एकच अट घातली, स्फटिकात भेसळ होती हे पहिल्या ओळीत लिहा. "आणि भेसळ कुठून आली ते?" भाचीनं विचारलं. सर म्हणाले, "घरातून, असं लिही. पुढचं कोणाला सांगायची गरज नाही."

पण काकूंनी मनाला लावून घेतलं ते घेतलंच. त्यांनी देव पुसले, फडक्यात गुंडाळले आणि स्टीलच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवले. दिवा नाही, फूल नाही. आम्ही कोणी काही म्हटलं तर, "माझ्या हाताला ते सोसत नाही," एवढंच. सर, ज्यांनी मुंजीनंतर संध्येची पळी हातात धरली नव्हती, ते म्हणायचे, अगं लाव दिवा, मला बरं वाटतं. त्या ऐकायच्या नाहीत. जेवण तुटलं. मूत्रपिंडांचा विकार त्यांना आधीपासून होताच, तो बळावला. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, घरी न्या.

त्या संध्याकाळी नातेवाईक जमले होते. कोणीतरी म्हणालं, तोंडात तीर्थ घाला. सर स्वतः स्टुलावर चढले, माळ्यावरून डबा काढला. देव काळवंडले होते. सर मोरीत बसून ते घासायला लागले, मग मला विचारलं, "आधी काय घालतात गं, दूध की पाणी?" मी सांगितलं. पळी घेऊन येताना निम्मं वाटेतच सांडलं. त्यांनी पळी काकूंच्या ओठांना लावली.

काकूंनी ओठ मिटले.

"घे गं," सर म्हणाले.

"नको," काकू म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात. "बिघडेल."

"काही बिघडत नाही गं. काही बिघडलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "तू सांग तिला. माझं खरं वाटत नाही तिला. तू सांग."

मी खाली वाकले, कानाशी जाऊन म्हटलं, "काकू, काही बिघडलं नव्हतं हो. सरांची रेघ खरी निघाली. पेपरात नाव येणार आहे त्यांचं."

काकूंनी डोळे उघडले. मला ओळखलं त्यांनी.

"मग तेव्हा ह्यांना डॉक्टर का नाही केलं गं?"

मी सरांकडे पाहिलं. सर पळीकडे बघत होते.

पहाटेआधीच काकू गेल्या. तीर्थ त्यांनी घेतलं नाही.